मधुवंतीची वही

कल्पना करा, तुमच्यासमोर तीस वह्या एकावर एक रचून ठेवल्या आहेत. तपकिरी कव्हर, वर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि 'इयत्ता दहावी'. पहिली वही उघडा. प्रयोग क्रमांक सात, बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढणे. घाबरू नका, नाव मोठं आहे, गोष्ट साधी आहे. भिंग म्हणजे मध्ये फुगीर आणि कडेला पातळ असलेली काच. ती खिडकीसमोर धरली, की लांबच्या झाडाचं चित्र मागच्या भिंतीवर उमटतं, तेही उलटं. काच मागेपुढे सरकवत ते चित्र अगदी स्पष्ट करायचं आणि काचेपासून भिंतीपर्यंत पट्टी लावायची. तेच नाभीय अंतर.

आता वहीतले आकडे वाचा. १४.६, १४.८, १४.७ सेंटिमीटर. खाली एक ओळ आहे, 'आभाळ भरलेले असल्याने प्रतिमा थोडी अंधुक दिसली.' दुसरी वही उघडा. १४.६, १४.८, १४.७. आभाळ भरलेले. तिसरी उघडा, चौथी उघडा. अक्षर वेगळं, शाई वेगळी, एका पानावर तेलाचा डाग, दुसऱ्यावर चहाचा. आभाळ मात्र तिसांच्या तीस वह्यांवर भरलेलंच.

हे कसं झालं असेल, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सावळदऱ्याच्या जिल्हा परिषद हायस्कूलमध्ये तो कोणालाच पडत नसे.

सावळदरा हे आर्णीहून आत, फाट्यापासून सहा किलोमीटरवरचं गाव. शाळा पाचवी ते दहावी. बारा वर्षांपूर्वी तिथल्या त्या वेळच्या हेडसरांची मुलगी मधुवंती दहावीत होती. तिनं सगळे प्रयोग स्वतःच्या हातानं केले, मोत्यासारख्या अक्षरात वही लिहिली आणि वीसपैकी वीस गुण मिळवले. पुढं हेडसरांची बदली झाली, मधुवंती यवतमाळला गेली, वही शाळेच्या कपाटात राहिली. दुसऱ्या वर्षी कोणीतरी ती पाहून लिहिली. तिसऱ्या वर्षी सगळ्यांनी. मग शिक्षक बदलले, रिकाम्या झालेल्या जागा रिकाम्याच राहिल्या, प्रयोगशाळेत लहान मुलांच्या खिचडीच्या तांदळाची पोती आणि मोडके बाक येऊन बसले, दाराला कुलूप लागलं. डिसेंबर उजाडला की कपाटातून वही निघायची आणि या बाकावरून त्या बाकावर फिरायची. मुलं एकमेकांना विचारायची, "मधुवंती कोनापाशी हाय बे?"

यंदा मधुवंती कपिलपाशी अडकली होती. कपिल म्हणजे वर्गाचा म्होरक्या. त्यानं आधी आपल्या दोस्तांना वही दिली, मग दोस्तांच्या दोस्तांना. शेवटच्या बाकावरच्या अर्पितापर्यंत ती पोचेना. अर्पितानं दोनदा मागितली.

"भेटंन ना! घाई कायची हाय? तुले का अमेरिकेले जाचं हाय?" कपिल म्हणाला, आणि आजूबाजूचे हसले.

अमेरिकेला नाही, पण यवतमाळला जायचं होतं. अकरावी सायन्सला. अर्पिताचे वडील मारोतराव कापूस आणि तूर करत. मुलीला बाहेरगावी ठेवायला ते मनातून राजी नव्हते. हो-नाही करता करता एकदा बोलून गेले होते, "पंच्याऐंशी टक्के पाड, मंग पाहू." तेव्हापासून अर्पिता गुण मोजत होती. प्रयोगाचे वीस गुण त्यात धरलेले होते. ते वीस गेले, तर यवतमाळ गेलं. इतकी साधी गोष्ट होती.

जानेवारीतल्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, तिला प्रयोगशाळेचं दार उघडं दिसलं. शिपाई बाबूसिंग काका तांदळाचं पोतं बाहेर ओढत होते.

"काका, आत भिंग हाय का?"

"हाय ना, पेटीत. कायले?"

"प्रयोग लेह्याचा राह्यला माया."

बाबूसिंगांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं शाळेची घंटाच घरी न्यायला मागितली. पण पोतं वजनी होतं आणि वाद घालायला दम नव्हता. "पाह्य. पन पाडजो नोको."

तिनं पोत्यांमधून वाट काढत खिडकी उघडली. बाहेर लख्ख ऊन होतं. मैदानाच्या टोकाला कडुलिंब उभा होता. तिनं भिंग धरलं, आणि मागच्या पोपडे आलेल्या भिंतीवर तोच कडुलिंब डोकं खाली करून अवतरला, हिरवागार, वाऱ्यानं हलणारा. अर्पिता कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. अख्खं झाड तिच्या तळहाताएवढं झालं होतं. मग तिला पट्टीची आठवण झाली. १९.८. पुन्हा एकदा, २०.१. तिसऱ्यांदा, १९.९.

घरी जाऊन तिनं तेच लिहिलं. आणि खाली लिहिलं, 'ऊन स्वच्छ असल्याने प्रतिमा स्पष्ट दिसली.'

मंगळवारी मंदार सरांनी वह्या तपासायला घेतल्या. सर यवतमाळहून रोज अपडाऊन करत. विज्ञान त्यांच्याकडे आणि गणितही त्यांच्याकडेच, कारण गणिताच्या जागेवर तीन वर्षांत कोणी आलं नव्हतं. ते वह्या भराभर उलटत होते, सही, सही, सही. अर्पिताच्या वहीवर हात थांबला.

"हे कुठून उतरवलंस?"

"उतरवलं नाही, सर. मोजलं."

"मोजलं?" सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुला मोजायला कोणी सांगितलं?"

वर्ग खो खो हसला.

"कृतीत लिहिलंय, सर," अर्पिता म्हणाली. "भिंग हातात धरावे व पट्टीने अंतर मोजावे."

हसणं थांबलं. कोणीतरी मागून हळूच "ओऽऽ" केलं. सरांचे कान लाल झाले. ते उठले आणि तिची वही वर्गासमोर उंच धरली.

"गुरुवारी बाहेरून परीक्षक येणार आहेत. ते वह्या चाळतील. तीस जणांचं उत्तर चौदा पूर्णांक सात, आणि या बाईंचं एकोणीस पूर्णांक नऊ. ते विचारतील, शाळेत भिंग एक आहे की दोन? मी काय सांगू? तुम्हीच सांगा ना, काय सांगू?" आता ते अर्पिताशी बोलतच नव्हते, वर्गाशी बोलत होते. "मग ते तुमच्या सगळ्यांच्या वह्या बाजूला काढतील. वीसपैकी सात, वीसपैकी आठ. आणि ते कोणामुळे, तेवढं लक्षात ठेवा."

तांबड्या पेनाची तिरकी रेघ पानाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली. कागद थोडा फाटला.

"नवीन पान लाव. उद्या शेवटच्या तासापर्यंत. वहीवर माझी सही नसेल, तर गुरुवारी प्रयोगाला बसता येणार नाही."

एका माणसाचा राग सोसता येतो. पण सरांनी तो तीस जणांत वाटून दिला होता, आणि प्रत्येकानं आपला वाटा मन लावून घेतला.

मधल्या सुट्टीत ती नळावर गेली, तर मुली बाटल्या अर्ध्याच भरून निघून गेल्या. परत येऊन बघते, तर वर्गाबाहेर काढलेल्या एका चपलेत चिखल भरलेला. दुसरी चप्पल सापडलीच नाही. शाळा सुटताना ती पत्र्यावर दिसली. फळ्यावर कोणीतरी रॉकेट काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'अर्पिता, वापस येजो नोको.'

"ए नासा!" कपिल ओरडला. "आमचं डोकं मोजून दे ना वं! पट्टी आनली का?"

"तिले इचारू नोको बे," त्याचा दोस्त अक्षय म्हणाला. "एकोनीसच सांगंन."

हे तिनं कसंबसं ऐकून घेतलं. पण तासाला आत गेली, तर शेजारची जागा रिकामी होती. प्रेरणा पाचवीपासून तिच्या बाजूला बसायची. आज ती दोन बाक पुढं जाऊन बसली होती, आणि मागं वळून बघत नव्हती.

संध्याकाळी आजूबाजूच्या गावांतल्या मुलींना शाळेत ने-आण करणाऱ्या सरकारी निळ्या बसमध्ये प्रत्येक रिकाम्या जागेवर दप्तर होतं. "इथं येऊन राह्यलं कोनी." "इथं बी." अर्पिता एका पायात चप्पल घालून दांड्याला धरून उभी राहिली. तिचं गाव येईपर्यंत त्या जागांवर कोणीही आलं नाही.

घरी तरी कोणी बाजूनं बोलेल, असं तिला वाटत होतं. विमलताईंनी लेकीचा अनवाणी पाय पाहिला, सगळं ऐकलं, आणि म्हणाल्या, "लेहून टाक ना माय. तीन आकडे त हायेत."

"पन ते खरे नाई, आई."

"खरं-खोटं पाहाले सर हायेत ना? शिकेल मानूस हाय तो."

मारोतराव तुरीच्या पोत्याला सुतळी घालत होते. त्यांनी मान वर केली नाही. "सरायपेक्षा तू शायनी झाली का? सांगतात ते लेह्य. नाई त यवतमाळचं नाव काढजो नोको."

म्हणजे आता घरातही तिच्या बाजूला दप्तर ठेवलेलं होतं.

उतरवायला म्हणून कपिलनं शेवटी तिच्याकडे फेकलेली मधुवंतीची वही ती रात्री उशिरापर्यंत चाळत बसली. बुधवारी ती लवकर शाळेत आली. एक शंका तिच्या डोक्यात सारखी टोचत होती. मधुवंतीचं अक्षर, तिच्या आकृत्या, एकेका पानावरची तारीख, हे सगळं पाहून वाटत नव्हतं की या मुलीनं थाप मारली असेल. मग चौदा कसं?

बाबूसिंग काका पाण्याची टाकी भरत होते.

"काका, ते भिंग जुनंच हाय का? मधुवंतीताईच्या वेळचं?"

काकांनी आधी ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. "कायले इचारून राह्यली?"

"सांगा ना."

"ते कुठून राह्यते! शाळेत मतदान होतं एका साली. टेबलं पाह्यजे म्हनून पेटी खाली ठेवली, अन् कोनाचा तरी पाय लागला. चुरा झाला. मंग नवं आनलं." पाइप दुसऱ्या टाकीत टाकता टाकता त्यांचा आवाज बदलला. "मायं नाव घेजो नोको कुठं. सात महिने राह्यले माया नोकरीचे. अन् आता जाय इथून. तुयासंग बोलताना कोनी पाह्यलं त मलेच फाडून खातीन."

ती निघाली. पाय जमिनीवर ठरत नव्हते. मधुवंती खरं बोलली होती! तिचं भिंग वेगळं होतं, आणि त्या दिवशी आभाळ खरंच भरलेलं होतं. तिनं खोटं लिहिलंच नव्हतं. फक्त ती काच फुटली होती, आणि फुटलेल्या काचेचा आकडा वर्षानुवर्षं शाळा जपून लिहीत आली होती. हे सरांना सांगितलं की झालं, असं तिला वाटलं. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

शेवटचा तास. टेबलावर उद्याच्या परीक्षेसाठी पेटी आणून ठेवली होती. तीस वह्यांवर सह्या झाल्या होत्या.

"आण वही," सर म्हणाले.

"सर, ते भिंग बदललंय. जुनं फुटलं होतं. मधुवंतीताईंचं चौदा बरोबर आहे, पण ते त्या भिंगाचं. या भिंगाचं वीसच्या जवळ येतं."

"कोणी सांगितलं तुला?"

तिनं दाराकडे बघायचं टाळलं. बाबूसिंग काका व्हरांड्यात घंटेपाशीच उभे होते.

"म्हणजे इतक्या वर्षांत सगळे मूर्ख, आणि तू एकटी शहाणी."

"एक मिनिट लागतं, सर. तुम्ही मोजून पाहा."

सरांची नजर पेटीकडे गेली. अगदी क्षणभर, पण अर्पितानं ती जाताना आणि परत येताना पाहिली. आणि तिला कळलं की सरांना पटलंय. मोजायची त्यांना गरजच नव्हती, म्हणूनच ते मोजणार नव्हते.

"मी एम.एस्सी. आहे," सर म्हणाले. मग आवाज खाली आला, आणि तो जास्त कडू झाला. "सकाळी साडेसहाला घर सोडतो मी. तीन वर्गांचं गणित, तीन वर्गांचं विज्ञान. मतदार याद्या वेगळ्याच. प्रयोगशाळेत तांदूळ मी भरला का? कुलूप मी लावलं का? आणि दहावीतली पोरगी मला भर वर्गात सांगते, मोजून पाहा!"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अर्पिताला त्या क्षणी त्यांची दयासुद्धा आली. पण तांदळाच्या पोत्यांनी भिंगाचं अंतर बदलत नाही, हेही तिला दिसत होतं.

सरांनी घड्याळ पाहिलं. "हिची वही पूर्ण होईपर्यंत कोणी उठायचं नाही."

बाहेर निळी बस येऊन थांबली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"लेह्य ना वं!" कोणीतरी ओरडलं. मग सगळेच. "लेह्य!" "सरायसंग भांडते, पाह्य ना!" कागदाचा बोळा येऊन तिच्या कानावर लागला. "आमाले वीस नोको का? तुलेच पाह्यजे का?" पुन्हा हॉर्न वाजला. कपिल बाकावर तळहात आपटत होता, एका ठेक्यात, आणि त्याचं पाहून मागचे दोन बाकही आपटायला लागले. सरांनी कोणाला थांबवलं नाही.

प्रेरणा उठली. अर्पिताला वाटलं, आली. प्रेरणा आलीच, पण तिनं वहीत कोरं पान घातलं, पेनाचं टोपण काढलं आणि पेन अर्पिताच्या हातात कोंबलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं.

"बस गेली त मी पाच किलोमीटर पायी जाऊ का अंधारात? तुया आकड्यापायी? एवढी कोन लागून गेली तू?"

प्रेरणाचं गाव पाच किलोमीटरवर होतं, आणि रस्त्यात एकही दिवा नव्हता.

अर्पितानं लिहायला सुरुवात केली. उद्देश. साहित्य. कृती. बाकावरचे तळहात हळूहळू थांबले. आकृती, पट्टीनं, नीट. मग तक्ता. पहिल्या रकान्यात १४.६. दुसऱ्यात १४.८. तिसऱ्यात १४.७.

"आली लाइनीवर," कपिल म्हणाला. दप्तरांच्या चेन ओढल्याचे आवाज झाले. मुली अर्ध्या उठल्या. सरांनी पेन उघडून हात पुढं केला.

पण अर्पितानं मान वर केली नाही. तक्त्याखाली तिनं एक ओळ सोडली, आणि पुढच्या ओळीवर, त्याच अक्षरात, त्याच शाईत लिहिलं,

'वरील तीन आकडे मी मोजलेले नाहीत. मी मोजलेले आकडे: १९.८, २०.१, १९.९.'

खाली शनिवारची तारीख घातली. इतरांनी काय केलं, याबद्दल एक शब्दही लिहिला नाही. ते तिनं पाहिलं नव्हतं. मग स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, उठली, दोन बाकांमधून चालत गेली, आणि तेच पान उघडं ठेवून वही सरांसमोर ठेवली.

सरांनी वाचलं. पेनाचं टोक कागदाच्या वर, बोटभर अंतरावर थांबलं. बाहेर हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक. दारात उभ्या राहिलेल्या मुली थबकल्या, कारण सर सही करत नव्हते, आणि पान फाडतही नव्हते.

"जागेवर जा," सर म्हणाले.

अर्पिता जागेवर गेली नाही. तिनं टेबलावरची वही दोन बोटांनी थोडीशी त्यांच्याकडे सरकवली, सहीची मोकळी जागा त्यांच्या पेनाखाली येईल अशी, आणि हात मागं बांधून तिथंच उभी राहिली.